दुसऱ्या ओळीतलं नाव

"ते खोकं माझ्या पायाशी ठेवा. मेलेला माणूस काही तक्रार करणार नाही."

सिदोनी मुकोकोनं चमकून शेजारी बघितलं. मांडीवर छापखान्यातून आणलेल्या तीनशे पुस्तिकांचं खोकं, वरच्या पुस्तिकेवर टोपी घातलेले, गालातल्या गालात हसणारे एक आजोबा, आणि खाली मोठ्या अक्षरांत त्यांच्या अंत्यविधीची तारीख. सकाळपासून हे आजोबा घेऊन ती दुआलातल्या बोनाबेरीच्या बसअड्ड्यावर घामानं निथळत होती. आता बसमध्ये जागा मिळाली, तर शेजारी हा असा... उंच, हडकुळा, गुडघे पुढच्या बाकात रुतलेले, आणि डोळ्यांत मिश्किली.

"तक्रार त्यांची नातवंडं करतील," ती म्हणाली. "एक जरी पान चुरगळलं ना, तर पुढची पुस्तिका माझी छापावी लागेल."

"मग फोटो चांगला द्या. हसरा. आत्ता हसलात ना, तसला."

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसलीच. तिचं घर दुआलात, ती फ्रेंचमध्ये वाढलेली. तो डोंगराकडचा, बुएआचा, इंग्रजीत शिकलेला. दोघं बोलत होती बाजारातल्या पिजिनमध्ये, इंग्रजीची मोडतोड करून झालेल्या बोलीत, आणि त्या बोलीत चेष्टामस्करी जरा जास्तच रंगते बरं का. त्याचं नाव लिओंगा मोलुआ. बुएआतल्या एका शाळेत गणित शिकवायचा. मुंगो नदीच्या पुलाअलीकडे बस थांबली. ओळखपत्रं तपासायला पोलीस चढले, आणि एका बाईचं ओळखपत्र सापडेना, म्हणून अख्खी बस खोळंबली. खिडकीतून भुईमुगाच्या शेंगा आल्या. त्यानं पुडा घेतला, अर्ध्या तिच्या तळहातावर ओतल्या आणि लॅपटॉप उघडला.

सिदोनीनं सहज मान वळवली... आणि हातातली शेंग हातातच राहिली.

पडद्यावर तिचंच पान होतं.

आता हे पान म्हणजे काय, ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं घोडं अडेल. लिनक्स ही संगणकाची फुकट प्रणाली वापरणाऱ्यांचं जगभर एक गणगोत आहे. तिथं पगार कुणालाच नाही. ज्याला एखादा प्रोग्राम लागतो, तो तो कुठून आणायचा आणि कसा बसवायचा याची कृती लिहून सगळ्यांसाठी ठेवतो, लोणच्याची कृती लिहून ठेवावी तशी. त्या कृतीला पॅकेज म्हणायचं आणि लिहिणाऱ्याला सांभाळणारा. खाली लोकांच्या कमेंट. चाललं, नाही चाललं, आभार, आणि अधूनमधून शिव्या. सांभाळणारा दोन आठवडे उत्तर देईना, तर दुसऱ्यानं पॅकेज मागून घ्यावं, हा नियम. पण नियमाला लागून एक रीत आहे. नव्या माणसानं कृतीच्या पहिल्या ओळीत आपलं नाव घालायचं आणि जुन्याचं दुसऱ्या ओळीत उतरवायचं. ती ओळ कधी कुणी खोडत नाही.

सिदोनीनं खोडली होती.

हे पॅकेज होतं आमच्या देशातल्या भाषांच्या अक्षरांचं. शेपटीवाला एन, उघडा ओ, डोक्यावर चढते-उतरते सूर, सगळं कळफलकावर आणणारं. छापखान्यात तिचं त्यावाचून पान हलत नसे. जानेवारीत सगळी प्रणाली बदलली आणि सूर अक्षरांवरून घसरून भलतीकडेच बसायला लागले. चर्चच्या भजनांची मोठी छपाई अडली. तिनं सांभाळणाऱ्याला लिहिलं. उत्तर नाही. परत लिहिलं. नाही. त्याचं टोपणनाव होतं 'गोगलगाय'. तिसऱ्या कमेंटमध्ये ती चिडून लिहून गेली, "नावाला जागतोयस अगदी!" दोन आठवडे झाले त्याच दिवशी तिनं पॅकेज मागितलं, ते मिळालं, सगळी कृती नव्यानं लिहून काढली आणि पहिल्या ओळीत आपलं टोपणनाव घातलं — ऑफसेट. दुसरी ओळ आली तेव्हा तिच्या डोक्यात राखच होती. जो साधं हो-नाही म्हणत नाही, त्याचं नाव कशाला? असेल कुठंतरी पॅरिसमध्ये कोट घालून बसलेला. असली कामं करणारे आपले लोक इथं राहतात कुठे?

तर तो इथं होता. तिच्याच शेजारी बसून शेंगा सोलत होता.

"हा बघा माझा वैरी," लिओंगा पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "ऑफसेट. याला एकदा समोरासमोर बघायचंय मला."

"का... मारणार?" तिनं विचारलं.

"छे! विचारणार. बाबा रे, एक ओळ होती. लिहायला तुझं काय जात होतं?"

मग त्यानं सगळं सांगितलं. सहा वर्षं ते पॅकेज त्यानं सांभाळलं. आजीच्या भाषेत आजीला पत्र लिहायचं होतं, तिथून सुरुवात. जानेवारीत सरकारनं पुलापलीकडच्या इंग्रजी भागाचं नेट तोडलं, ते तीन महिने. पुलाअलीकडच्या एका खेड्यात सिग्नल मिळतो म्हणून लोक लॅपटॉप घेऊन जायचे, एका खोलीत चाळीस-चाळीस माणसं. शाळेतून सुटी मिळाल्यावर तोही गेला. सुरांची दुरुस्ती सोबत घेऊन गेला होता. नेट तुटल्याला तो सतरावा दिवस. पडद्यावर आलं — परवानगी नाही. कमेंट लिहायच्या आत सिग्नल गेला.

"दोन आठवड्यांचा नियम आहे. बरोबरच आहे नियम," तो म्हणाला. "पण मी परदेशात, किगालीतल्या एका संस्थेत अर्ज केलाय. भाषांचंच काम, दोन वर्षांचं. अर्जात लिहिलंय, हे पॅकेज मी सांभाळलं. आता ते बघायला गेले, तर माझं नाव कुठंच नाही. खोटारडा ठरतो ना मी! नेट आल्या आल्या कमेंट लिहिली, नाव तेवढं घाला म्हणून. तीन आठवडे झाले. उत्तर नाही. नुसता ऐटीत लिहितो, 'छापायला हरकत नाही.' प्रत्येक कमेंटच्या शेवटी! कोण छापतंय तिथं?"

सिदोनी खिडकीबाहेर बघायला लागली. पॅकेज घेतल्यावर कुरकुरींचा पाऊस पडला, म्हणून तिनं कमेंटची घंटीच बंद करून टाकली होती. आणि नेट तुटल्याचं? अहो, रोज ऐकत होती! डोंगराकडची गिऱ्हाइकं येऊन रडत होती. ती "अरेरे" म्हणत होती आणि दुसऱ्या मिनिटाला गोगलगायीला शिव्या घालत होती. दीड तासाच्या अंतरावरच्या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत.

"मग तुम्ही तक्रार का नाही केलीत?" ती कशीबशी म्हणाली. "त्यानं दोन आठवडे उत्तर दिलं नाही ना? नियम त्यालाही आहेच की."

लिओंगानं खांदे उडवले. शेंगेचं टरफल खिशात टाकलं.

"कुणास ठाऊक... त्याच्याकडेही नेट नसेल."

बास. त्या एका वाक्यानं सिदोनीच्या काळजात काहीतरी हललं. लाज होती, आणि लाजेच्या पाठोपाठ आणखी एक काहीतरी... जे लाजेहून जास्त घाबरवणारं होतं. मीच ती, असं तिनं तेव्हाच म्हणायला हवं होतं. जीभ उचलली सुद्धा. पण तोंडातून शब्द आला तो भलताच.

"अशिया," ती म्हणाली.

आमच्याकडे कुणाचं काही बिघडलं की म्हणायचा हा शब्द. सांत्वनही तोच, धीरही तोच, आणि म्हणणाऱ्याला त्याची झळ लागत नाही.

बुएआला धुकं उतरलं होतं. दुआलाच्या घामानंतर ती थंडी अंगावर शहारा आणणारी. लिओंगानं खोकं डोक्यावर घेतलं आणि चढणीवर त्या आजोबांच्या घरापर्यंत पोहोचवलं. निघताना म्हणाला, "पुढच्या पुस्तिकेसाठी तुमचा नंबर लागेल."

"कुणाच्या?"

"माझ्या. तुमच्या हसण्यानं मेलो तर."

"इश्श!" ती म्हणाली, आणि नंबर दिला.

सोमवारी सकाळी छापखान्यात पोहोचताच तिनं कमेंटची घंटी पुन्हा सुरू केली. तीन आठवडे त्याच्या तीन ओळी तिथं पडून होत्या. "माझ्याकडे तीन महिने नेट नव्हतं. पॅकेज तुम्ही छान नीट केलंत. जुना सांभाळणारा म्हणून माझं नाव दुसऱ्या ओळीत घालाल का?" राग नाही, टोमणा नाही. 'नावाला जागतोयस' त्याच्या वर तसंच लटकलेलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं नाव घातलं आणि खाली लिहिलं, "नाव घातलं. उशीर झाला, चुकलं. छापायला हरकत नाही."

दहा मिनिटांत फोन वाजला.

"सिदोनी! ऑफसेट माणूस निघाला गं!" लिओंगा ओरडत होता. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्यालाही कळलं नाही. "माफीसुद्धा मागितली! तुझ्या पायगुणानं झालं. शनिवारी दुआलाला येतो, मासा माझ्याकडून."

आणि मग शनिवार सुरू झाले.

पहिल्या शनिवारी वूरी नदीच्या काठावर निखाऱ्यांवर भाजलेला मासा, केळीच्या पानात बांधून उकडलेल्या मिओन्दोच्या, म्हणजे कसाव्याच्या कंदाच्या, कांड्या, आणि तिखटानं दोघांच्या डोळ्यांत पाणी. तो बोटं चाटत म्हणाला, "या ऑफसेटला एकदा इथं जेवायला बोलवायला हवं. कसा असेल दिसायला?"

"असेल कुणी टकल्या," सिदोनी म्हणाली.

"पोट सुटलेला."

"बायकोनं टाकलेला!"

दोघं इतकी हसली की मासेवालीनं वळून बघितलं. आत्ता सांग, आत्ता, असं सिदोनीचं मन म्हणत होतं. पण तो हसताना डोळे अगदी मिटून घ्यायचा. ते मिटलेले डोळे बघितले की वाटायचं, आज नको... आणखी एकदा हे बघून घेऊ, मग सांगू.

दुसऱ्या शनिवारी तो न सांगता थेट छापखान्यात आला. मालक पापा एकांबी दारातच होते. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत हाक मारली, "सिदोनी! तुझ्याकडे एक खांब आलाय. उभा करायचा कुठे?"

ती धावत आली, शाईचे हात पुसत. टेबलावर सकाळचं कच्चं पान पडलं होतं, लग्नपत्रिकेचं. त्याच्या तळाशी, छापखान्याच्या रिवाजाप्रमाणे, तिच्या हातानं लिहिलेलं, छापायला हरकत नाही. तारीख आणि सही. तिची नजर तिथं गेली. तिनं झटकन मिओन्दोची पिशवी त्या पानावर ठेवली.

"हे काय, आज जेवण टेबलावरच?" लिओंगा म्हणाला.

"हो... भूक लागलीय ना तुला!"

त्यानं पिशवीकडे बघितलं. मग म्हणाला, "लागलीय," आणि पिशवी न हलवता शेजारच्या खुर्चीवर बसला. त्या दिवशी तो जरा कमी हसला. सिदोनीला वाटलं, बसनं दमला असेल.

तिसऱ्या शनिवारी ती बुएआला गेली. धुक्यात डोंगर दिसत नव्हता, चहाचे मळे दिसत नव्हते, समोरून येणारा माणूससुद्धा हाताच्या अंतरावर आल्यावरच दिसायचा. त्यानं आपलं जाकीट काढून तिच्या खांद्यांवर टाकलं. त्या जाकिटाला खडूचा वास होता. चालता चालता त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, बाजूला झाली, पुन्हा लागली... आणि मग तिथंच राहिली.

"सिदोनी," तो थांबला. "तुला मला काही सांगायचंय का?"

किती मऊ विचारलं होतं त्यानं! त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर होती. काहीतरी शोधत, वाट बघत.

"आहे," ती म्हणाली. "तू मला आवडतोस. फार आवडतोस. बसमध्ये शेंगा ओतल्यास ना, तेव्हापासून."

तो तिच्याकडे बघतच राहिला.

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? आणखी काय हवं तुला, लोभी माणसा!"

मग तो हसला. डोळे मात्र या वेळी उघडे होते. "मलाही तू आवडतेस," तो म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे." त्यानं तिचा हात उचलला, बोटांवरच्या शाईच्या डागाला ओठ लावले आणि बराच वेळ सोडला नाही. सिदोनी त्या दिवशी, जाकीट न उतरवताच, हवेत तरंगत घरी आली. पंचाईत कसली, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

चौथ्या आठवड्यात लिओंगाला किगालीचं पत्र आलं. तुमचं नाव पॅकेजवर आता दिसतं, पण ते मे महिन्यात घातलेलं आहे, तेही दुसऱ्या कुणीतरी. हा ऑफसेट कोण? तुम्ही सहा वर्षं काम केलंत असं त्यानं स्वतःच्या खऱ्या नावानं आणि सहीनं लिहून द्यावं. मुदत शुक्रवार दुपारपर्यंत.

सोमवारी कमेंट आली. "ऑफसेट, एक शेवटची विनंती. खालच्या पत्त्यावर थेट लिहाल का? खऱ्या नावानं लागेल. नको असेल तर तसं सांगा, मी समजून घेईन."

घंटी वाजली, तिनं वाचलं, आणि पडदा बंद केला.

लिहावं, तर खोटं उघडं पडणार. लिहावं, तर तो दोन वर्षं किगालीला जाणार. आणि न लिहावं... तर तो इथंच राहणार, शनिवारी मासा खाणार, आणि कधी काही कळणार नाही. हो, हेही तिच्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, एकदा नाही, दहादा आलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. लिओंगा फोनवर नोकरीबद्दल अक्षर काढत नव्हता. फक्त एकदा म्हणाला, "ऑफसेटच्या मनात काय चाललंय, देव जाणे." ती म्हणाली, "लिहील रे." आणि फोन ठेवून रडली.

गुरुवारी पापा एकांबींनी एक पुस्तिका तिच्यासमोर आपटली. अंत्यविधीची. चारी बाजूंनी फुलांची नक्षी, मधोमध फोटो, तारीख, भजनं, सगळं जागच्या जागी. गेलेल्या बाईचं नाव तेवढं नव्हतं. आणि तळाशी सिदोनीचंच अक्षर, छापायला हरकत नाही.

"डोकं ठिकाणावर आहे का गं तुझं?" पापा कडाडले. "माणसाचं नाव गाळलंस, आणि पानभर फुलं काढलीस! फुलं काय चाटायचीत त्या लोकांनी?"

तिनं पेन उचललं. पुस्तिका नीट केली, नाव घातलं, दोनदा वाचलं. मग तिथंच बसून किगालीला पत्र लिहिलं. बारा ओळी. सहा वर्षं हे काम लिओंगा मोलुआ यांनी केलं. त्यांच्या भागात नेट नसताना मी ते घेतलं. रीत मोडून त्यांचं नाव मी रागानं काढलं, कमेंटची घंटीही बंद केली. चूक संपूर्ण माझी आहे. खाली खरं नाव, सिदोनी मुकोको, आणि सही. पाठवल्यावर एकदम हलकं वाटलं. शनिवारी त्याला तोंडानं सांगायचं, तिनं ठरवलं. पक्कं ठरवलं.

पाचवा शनिवार. वूरीचं पाणी गढूळ आणि फुगलेलं, मासेवालीच्या पत्र्यावर सरीचा ताशा. लिओंगा आधीच येऊन बसला होता. नवा सदरा घातलेला.

"निवड झाली," तो म्हणाला. "दोन आठवड्यांनी निघायचंय."

"खरंच?" ती ओरडलीच. आनंद खरा होता हो, अगदी खरा. तो जाणार, हे दुःखही खरं होतं.

"ऑफसेटनं पत्र लिहिलं."

आता. हीच वेळ होती. तो मासा न खाता तिच्याकडे बघत होता. तिनं श्वास घेतला... आणि वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखे शब्द आले,

"हो? बघ, मी म्हटलं नव्हतं, लिहील म्हणून!"

लिओंगानं डोळे मिटले. हसण्यासाठी नाही. मग खिशातून चौघडी घातलेला कागद काढला आणि माशाच्या ताटाशेजारी ठेवला. किगालीच्या लोकांनी त्याला तिचं पत्र धाडलं होतं. तिच्या सहीची बाजू वर होती.

तिनं ताट बाजूला सारलं.

"मी आज सांगणार होते," ती म्हणाली. "देवाशपथ. आत्ता, या क्षणी..."

"मला दुसऱ्या शनिवारीच कळलं होतं, सिदोनी. पिशवी ठेवायच्या आधीच मी वाचलं होतं. छापायला हरकत नाही."

"तेव्हापासून? आणि तू बोलला नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. बुएआला विचारलंसुद्धा." त्याचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "पॅकेज घेतलंस, त्याचा राग केव्हाच गेला. नाव गाळलंस, तेही गेलं. माणूस चिडतो. पण मी त्या ऑफसेटला नावं ठेवत होतो आणि तू माझ्याबरोबर हसत होतीस. तेवढं एक... तेवढं जात नाही गं."

"मला भीती वाटत होती. तू जाशील म्हणून."

"खरं लिहिलंस तू. छान लिहिलंस. पण ते किगालीला लिहिलंस. कधी न बघितलेल्या माणसांना. मला नाही सांगितलंस."

तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "थांब ना. एकदा... एकदा पुन्हा विचार मला. मी सांगते सगळं. पहिल्यापासून."

"सांभाळणाऱ्याला दोन आठवडे देतात," तो म्हणाला. "मी तीन दिले. आणखीही दिले असते. पण आता तू काही बोललीस, की माझ्या मनात येणार, हिला अजून काय माहीत आहे? असं मनात ठेवून तुझा हात धरायला मला नाही जमणार. तुझा हात मला फार आवडतो, म्हणून नाही जमणार."

"पॅकेज तरी परत घे. तुझंच आहे."

"नको. तू चांगलं सांभाळतेस. घंटी तेवढी बंद करू नकोस."

तो उठला. जाता जाता त्यानं तिच्या डोक्यावर क्षणभर तळहात ठेवला.

"अशिया, सिदोनी."

आणि पावसात निघून गेला. जाकीट तिच्या घरी खुंटीवरच राहिलं. तिनं दोनदा निरोप पाठवला, घेऊन जा म्हणून. तो म्हणाला, किगालीत तेवढी थंडी नसते. विमानतळावर येऊ का, याला त्यानं उत्तर दिलं नाही. ती गेली नाही.

आठ महिने झाले. पापा एकांबी आता तिची कच्ची पानं न तपासताच छापायला सोडतात, इतकी ती नावं पुन्हा पुन्हा वाचते. कमेंटची घंटी दिवसभर वाजत असते. कुणी घानातून विचारतं, कुणी ब्राझीलमधून शिव्या देतं. ती प्रत्येकाला तासाभरात उत्तर देते. लोक लिहितात, असा सांभाळणारा बघितला नाही. तिला ते वाचवत नाही. प्रत्येक घंटीला तिचा जीव वर येतो आणि नाव वाचून खाली बसतो.

गेल्या बुधवारी दुपारी घंटी वाजली. नाव होतं, गोगलगाय.

"शेपटीवाल्या एनवर चढता सूर बसत नाहीये. सवडीनं बघा. घाई नाही."

घाई नाही! सिदोनीनं मशीन थांबवलं. शाईचे हात न पुसताच बसली. चूक एका अक्षराची होती, पण तिनं सात भाषांत तपासलं. मग उत्तर लिहायला घेतलं. लिओंगा, कसा आहेस, असं लिहिलं आणि खोडलं. तुझं जाकीट अजून इथं आहे, लिहिलं आणि खोडलं. मी त्या दिवशी बसमध्येच सांगायला हवं होतं, हेही लिहिलं. त्याच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली, आणि तेही खोडलं. हे पान सगळ्या जगाचं होतं. आणि ते वाक्य फक्त त्याला, तोंडानं सांगायचं होतं, तेव्हा, शेंगांचा पुडा संपायच्या आत.

तिनं लिहिलं, "दुरुस्त केलं. तपासून सांगाल का?"

तिकडून पाच मिनिटांत उत्तर आलं. म्हणजे तो तिथंच बसला होता, पडद्यासमोर, तिच्यासारखाच. तिनं उघडलं.

"चालतं. आभार, ऑफसेट."

तिनं ते तीन शब्द दोनदा वाचले. ऑफसेटचं खरं नाव त्याला माहीत होतं, तरी त्यानं ते लिहिलं नव्हतं.

"सिदोनी!" बाहेरून पापांनी हाक मारली. "मशीन का बंद?"

"आले, पापा," ती म्हणाली, आणि डोळे कोपरानं पुसले, कारण हातांना शाई होती.